साकव, खुर्ची आणि अभिप्रायाचा रकाना

बावीस वर्षं मी एकाच टपालवाल्याला ओढ्यात पडताना पाहिलं. दर वर्षी जुलैच्या शेवटी तो पडायचा, ऑगस्टभर त्याच्या मरणाला जबाबदार कोण याची चर्चा चालायची आणि परीक्षेत मुलं त्यावर पाच गुणांचं उत्तर लिहून मोकळी व्हायची. मालाडच्या एका ज्युनिअर कॉलेजात, कॉमर्सच्या बारावीला, मी मराठी शिकवायचो. कॉमर्सच्या मुलांना मराठी शिकवणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत कोशिंबीर वाढणं. पान रिकामं दिसू नये म्हणून घेतात, नजर मात्र जिलबीवर असते.

आमच्या पुस्तकात एक जुनं तीन अंकी नाटक होतं. पुस्तकं बदलली, मुखपृष्ठं बदलली, ते नाटक काही हललं नाही. नाव सांगत नाही; ज्यांनी शिकलं त्यांना गोष्टीवरून आठवेल. कोकणातलं एक गाव. ओढ्यावर पोफळीच्या खोडांचा साकव, म्हणजे पायी जाण्यापुरता लहानसा पूल. तो दर वर्षी पावसाआधी नवा बांधायचा असतो. त्या वर्षी बांधला जात नाही आणि गावचा टपालवाला थैलीसकट वाहून जातो. मग तीन अंक खोताच्या पडवीत माणसं बसून भांडतात. खोत म्हणतो, हे गावकीचं काम. मास्तर म्हणतो, मी पत्र लिहिलं होतं, पाठवायचं राहिलं. मुंबईहून आलेला खोताचा मुलगा म्हणतो, मी चार दिवसांचा पाहुणा. आत्या म्हणते, बायकांचं कोण ऐकतं? आणि पाचवा, खोताचा गडी रामा. दर वर्षी साकव तोच बांधायचा. कुठलं खोड कुजलंय हे त्याला एकट्यालाच नक्की माहीत होतं. तो बोलत नाही.

माझे वडील कोकणातून गिरणीत आले आणि गिरणीतच संपले. त्यामुळे साकव मी पाहिलेला होता, त्यावरून घाबरत चाललोही होतो. वर्गातल्या नव्वद मुलांपैकी निम्म्यांची गावं तिकडचीच, पण त्यांच्या गावाला आता सिमेंटचे पूल झालेत. पहिला तास फळ्यावर साकवाचं चित्र काढण्यात जायचा.

बाहेरच्यांना वाटतं, नाटक शिकवायचं म्हणजे आवाज बदलून संवाद म्हणायचे. तसं काही नसतं. आमचं खरं काम म्हणजे पात्रचित्रणाचे मुद्दे पाडणं. पाच गुण, पाच मुद्दे. ‘मास्तर हे सुशिक्षित, संवेदनशील परंतु कृतिशून्य व्यक्तिमत्त्व आहे.’ हे वाक्य मी इतक्या वर्गांना लिहून दिलंय की झोपेत विचारलंत तरी सांगेन. ‘नाटकातून व्यक्त होणारी सामाजिक जबाबदारी स्पष्ट करा’ या प्रश्नासाठी एक ठेवणीतलं वाक्य होतं: ‘टपालवाल्याच्या मृत्यूची जबाबदारी कोणा एकाची नसून ती संपूर्ण समाजाची आहे.’ पेपर तपासणाऱ्याला हे वाक्य दिसलं की त्याचा हात आपोआप साडेचारवर जायचा. मीही तपासायला बसायचो, मला ठाऊक आहे.

या नोट्स स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे मिळायच्या. एकदा बोरिवलीच्या एका क्लासचा मुलगा माझ्याकडे शंका घेऊन आला. त्याच्या हातात माझ्याच नोट्स, वर क्लासवाल्याचं नाव. मी म्हटलं, “अरे, या माझ्या आहेत.” तो म्हणाला, “नाही सर, आमच्या सरांनी स्वतः काढल्यात. झकास आहेत.” राग यायला हवा होता, पण खरं सांगतो, बरं वाटलं.

एक गोष्ट मात्र माझी स्वतःची होती. तिची झेरॉक्स निघत नव्हती. नाटक वाचून झालं की, दिवाळीनंतरच्या उजळणीला, मी ‘खुर्चीचा तास’ घ्यायचो. स्टाफरूममधली एक हात मोडलेली लोखंडी खुर्ची वर्गात आणायची, फळ्यापुढे ठेवायची. एका मुलाने तिच्यात बसायचं, एक पात्र व्हायचं. बाकीच्यांनी त्याला प्रश्न विचारायचे. नियम एकच. खुर्चीत बसल्यावर ‘तो’ म्हणायचं नाही, ‘मी’ म्हणायचं. ‘खोताने दुर्लक्ष केलं’ असं नाही, ‘मी दुर्लक्ष केलं’.

ऐकायला सोपं वाटतं. मुलांची बोलती बंद व्हायची. ‘तो’ म्हणताना फडाफड बोलणारी पोरं ‘मी’वर आली की अडखळायची. एका वर्षी दहिसरचा एक मुलगा खोत झाला. त्याने अशी काही बाजू मांडली की शेवटी वर्गाने टाळ्या वाजवल्या आणि टपालवालाच दोषी ठरला, कारण पावसात कशाला बाहेर पडला! तो मुलगा आज एका मोठ्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे आणि इमारतीच्या पुनर्विकासाच्या सभा गाजवतो, असं ऐकतो. दुसऱ्या एकीने आत्या होऊन असं रडून दाखवलं की शेजारच्या वर्गातून अकाउंट्सच्या मॅडम धावत आल्या. त्या तासाला मुलं खिडकीबाहेर बघत नसत. पस्तीस मिनिटांत एवढंच साधलं, तर शिक्षकाने खूश व्हावं. मी व्हायचो.

रामा गड्याच्या खुर्चीत बसायला मात्र कोणी तयार नसायचं. त्याला संवादच कमी. ‘जी’ आणि ‘पाणी आणतो’, बस. पण प्रश्न सगळ्यात अवघड त्यालाच यायचा. तुला माहीत होतं ना? मग का नाही बोललास? गाईडमध्ये उत्तर होतं, ‘गरिबी व भीतीपोटी.’ मुलं तेच म्हणायची आणि उठून जायची.

आता रेश्माबद्दल सांगतो. हे सांगायचं म्हणूनच लिहायला बसलो, आणि तिच्यापाशी यायला एवढा वेळ लावला.

रेश्मा वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली. आमचं कॉलेज सकाळचं, सव्वासात ते सव्वाबारा. ती यायची अकरानंतर, धापा टाकत, आणि मागच्या बाकावर खिडकीजवळ बसायची. आठवड्यातले माझे तीन तास शेवटचे असल्यामुळे माझ्या हजेरीपटावर ती बऱ्यापैकी हजर होती. एका रविवारी मालाडच्या मासळी बाजारात गेलो, तर ओट्यावर ही बसलेली. कोयत्याने सुरमईचे तुकडे पाडत होती. मला बघून लाजली नाही, काही नाही.

“सर, बांगडा चांगला हाय. घ्या.”

“तू रोज असतेस इथे?”

“आईचे गुडघे गेले ना. पायरी चढवत नाय तिला. दहापर्यंत मी बसते, मग मावशी येते. बारावी झाली का नर्सिंगचा फॉर्म भरनार, तवा बगू दुसरा काय ते.”

म्हणजे मला माहीत होतं. हे वाक्य नीट लिहून ठेवतो. ती का येत नाही, हे पूर्ण कॉलेजात मला एकट्याला माहीत होतं.

त्या वर्षीच्या खुर्चीच्या तासाला रामा गडी व्हायला कोण तयार आहे विचारलं, तर मागून रेश्माने हात वर केला. पुढे आली, मोडक्या हाताच्या बाजूला ओढणी सावरून बसली. पोरांनी नेहमीचं सुरू केलं. तुला माहीत होतं ना? हो, मला माहीत होतं. खोड कुजलेलं तू पाहिलंस? हो, मी पाहिलं. मग का नाही बोललास?

गाईडमधलं उत्तर तिला पाठ असणार, पण तिने ते दिलं नाही. कोणीतरी हसलं. मी म्हटलं, “सांग गं, काहीही सांग.”

“सर, पुडच्या तासाला सांगते,” ती म्हणाली. “मला आत कळतंय, तोंडात येत नाय.”

बेल झाली. पुढच्या तासाला ती आली नाही. त्याच आठवड्यात यादी आली.

ही यादी म्हणजे काय, ते सांगायला हवं. पंचाहत्तर टक्के हजेरी नसलेल्या मुलांची नावं दिवाळीनंतर ऑफिस काढतं. प्रत्येक नावाचा एक कागद. त्यावर खाली ओळीने विषयशिक्षकांची नावं, पुढे सही, आणि सहीच्या आधी एक रकाना: ‘अभिप्राय’. मुलाला परीक्षेला बसू द्यावं की नाही, ते तिथे लिहायचं. निम्मी मुलं या रकान्यातच सुटतात. एखाद्या शिक्षकाने ‘घरी आजारपण, सवलत द्यावी’ एवढं खरडलं की ऑफिस पालकांकडून हमीपत्र घेतं आणि विषय संपतो. एका शिक्षकाचं लिहिणं पुरतं, चौघांचं लागत नाही.

पण स्टाफरूमची एक रीत असते. कागद शिपाई फिरवतो, साधारण चहाच्या वेळी. सगळ्यात ज्येष्ठ शिक्षक पहिला रकाना भरतात. त्यांच्या खालचा ‘वरीलप्रमाणे’ लिहितो. त्याच्या खालचाही. कोणी वेगळं लिहिलं तर वरच्याला खोटं पाडल्यासारखं होतं, म्हणून कोणी लिहीत नाही. इतकी वर्षं शेजारी बसून डबा खायचा असतो.

रेश्माचा कागद माझ्यापुढे आला, तेव्हा मी चाचणीचे पेपर तपासत होतो. पहिल्या ओळीत सेक्रेटेरियल प्रॅक्टिसच्या सरांनी लिहिलं होतं, ‘सतत गैरहजर. शिफारस नाही.’ त्यांच्या तासाला ती खरंच कधी नव्हती, त्यांचं खोटं नव्हतं. त्याखाली अर्थशास्त्राच्या मॅडम, वरीलप्रमाणे. त्याखाली अकाउंट्सच्या मॅडम, वरीलप्रमाणे. चौथा मी.

मी नाव वाचलं. वाचलंच नाही असं म्हणायची सोय होती, पण मी वाचलं. आदल्या वर्षी एका मुलासाठी मी असाच वेगळा अभिप्राय दिला होता. तेव्हा हेच सर चार लोकांत म्हणाले होते, “मराठीवाल्यांना काय, सगळेच लाडके.” ते डोक्यात होतं. शिवाय वाटलं, ऑफिस शेवटी सोडतंच. शिवाय वाटलं, तिची आई येईल, सांगेल. शिवाय शिपाई उभा होता आणि चहा गार होत होता. मी ‘वरीलप्रमाणे’ लिहिलं, सही केली आणि पुढचा पेपर ओढला. त्या पेपरात प्रश्न कुठला होता हे मुद्दाम सांगत नाही. बावीस वर्षांत दुसरा कुठला होता?

चार दिवसांनी तिची आई आली. काठी टेकत दोन जिने चढून स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. नऊवारी, डोक्यात अबोलीचा गजरा, कपाळावर घाम.

“सर, माजे पायांचे दुखन्यान पोरीला बाजारान बसवली. तिचा काय चुकला? माजा काय तो लिवून घ्या, तिला बसू द्या परीक्षेला.”

सेक्रेटेरियलचे सर खिडकीबाहेर बघत होते. अर्थशास्त्राच्या मॅडम पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या. मी उठलो, तिला खुर्ची दिली आणि म्हटलं, “आई, हे ऑफिसचं काम आहे. तुम्ही ऑफिसमध्ये भेटा.”

ऑफिस तळमजल्यावर. ती पुन्हा दोन जिने उतरली. तिथे तिला सांगितलं, “आम्ही काय करणार? शिक्षकांनीच लिहून दिलंय.” ती मग वर आली नाही. कशी येणार?

रात्रभर तळमळलो वगैरे लिहिणार नाही, झोपलो नीट. पण दुसऱ्या दिवशी प्राचार्यांकडे गेलो, म्हटलं, मॅडम, त्या मुलीच्या घरची परिस्थिती अशी अशी आहे. त्यांनी फाइल उघडली, कागद माझ्यासमोर फिरवला आणि शांतपणे विचारलं, “सर, हे अक्षर तुमचंच ना?” मी हो म्हटलं. “मग आता मी काय करू? यादी काल बोर्डाकडे गेली.” सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसण्याची मुदतही तोवर टळली होती. “पुढच्या वर्षी बसेल ती,” प्राचार्य म्हणाल्या. पुढच्या वर्षी ती बसली नाही.

त्यानंतर नऊ वर्षं मी ते नाटक शिकवलं. ‘जबाबदारी संपूर्ण समाजाची’ हे वाक्य मी नोट्समधून काढून टाकलं. काही उपयोग झाला नाही, झेरॉक्सवाल्याकडे जुनीच प्रत होती. मुलं ते वाक्य लिहीत राहिली, आणि तपासताना मीही साडेचार देत राहिलो. खुर्चीचा तास बंद केला. पोर्शन पुरा होत नाही, असं कारण सांगितलं. कोणी फार विचारलंही नाही.

मालाडच्या मासळी बाजारात जाणंही सोडलं. बायको म्हणायची, “रोज मालाडला जाता आणि मासे बोरिवलीत येऊन महाग घेता. कमाल आहे बाई तुमची.” मी म्हणायचो, पिशवीला वास येतो.

निवृत्तीला तीन वर्षं झाली, आणि यंदा या दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. माझेच जुने विद्यार्थी. म्हणाले, “सर, त्या नाटकावर लिहा ना. पात्रं, सामाजिक जबाबदारी, तुमचा खुर्चीचा तास. आम्हाला अजून आठवतो.” मी हो म्हटलं. खोत लिहून झाला, मास्तर झाला, आत्या झाली. रामापाशी पेन अडलं. ‘गरिबी व भीतीपोटी’ हे चार वेळा लिहिलं आणि चार वेळा खोडलं. शेवटी एका शनिवारी सकाळी पिशवी घेतली आणि मालाडला गेलो.

ओटा तोच. ती आता तिशीची बाई झाली आहे, आवाज आईसारखा झालाय. समोर दोन गिऱ्हाइकं, हात भराभर चाललेला.

“ओळखलंस का?” मी विचारलं.

“ओळखलं ना सर. इतकी वर्सं बगते. फळवाल्यांच्या गल्लीतून वळून जायचात तुमी. इथून नाय.”

मी आईबद्दल विचारलं. आई गेली, तीन वर्षं झाली. मुलगी चौथीत आहे, अभ्यासात बरी आहे, हजेरी पूर्ण आहे. ‘हजेरी पूर्ण आहे’ हे तिने सहज सांगितलं, टोमणा नव्हता. मग गिऱ्हाइकं गेल्यावर फडक्याने हात पुसत ती एकदम म्हणाली, “सर, मी सांगनार होते ना तुमाला पुडच्या तासाला. त्या रामाचं.”

“तुला आठवतंय?”

“इथं बसून दुसरं काय करते? बसल्या बसल्या डोक्यात येतं. सर, त्याला कोनी इचारलंच नव्हतं. बगा तुमी नाटक. सगळे एकमेकाला इचारतात. तुला म्हाईत होतं का, तुला म्हाईत होतं का. तो तितंच पानी देत फिरतोय पयल्या पानापासून. एक जन त्याला बोलत नाय, रामा, साकव कसा हाय रे?”

मी तिथे उभ्या उभ्या तिन्ही अंक आठवले. घरी येऊन पुस्तक काढून पुन्हा पाहिलं. तिचं बरोबर आहे. एकही प्रश्न नाही. बावीस वर्षं मी मुद्दे पाडले आणि हे मला दिसलं नव्हतं. पाच गुणांपैकी किती द्यायचे याला?

“म्हनून मला तुमचा राग नाय कदी आला,” ती पुढे म्हणाली. “आई लई बोलायची, सरांनी असं केलं, तसं केलं. मी बोलले, अगं, सरांना कोन इचारतो? ऑफिसवाल्यांनी परस्पर केलं असेल. तुमालापन कोनी इचारलं नसेल ना?”

मान हलवली असती तर संपलं होतं. तिने बारा वर्षं माझ्यासाठी ते उत्तर सांभाळून ठेवलं होतं, मी फक्त घ्यायचं होतं. आता कुठे कळलं, मी खुर्चीचा तास का बंद केला होता. ‘तो’ म्हणून मी काहीही सांगू शकलो असतो.

“मला विचारलं होतं, रेश्मा,” मी म्हटलं. “कागदावर रकाना असतो. त्यात मी लिहायचं होतं, तुझ्या आईचे गुडघे दुखतात म्हणून तू येत नाहीस. तेवढ्यावर तुला बसू दिलं असतं. मी ते लिहिलं नाही.”

तिचा हात थांबला. “काय लिवलं मग?”

“वरीलप्रमाणे.”

“म्हंजे?”

“म्हणजे माझ्या वरच्यांनी जे लिहिलं, तेच.”

“आनि त्यांनी काय लिवलेलं?”

“शिफारस नाही.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. बर्फावरचा एक बांगडा उगीच उचलून तिने पुन्हा तिथेच ठेवला.

“म्हंजे सर,” ती म्हणाली, “तुमी ‘नाय’पन सोताचं लिवलं नाय.”

मागून एक बाई पुढे सरकली आणि पापलेटचा भाव विचारू लागली. रेश्मा तिच्याकडे वळली, “बोला ताई, किती देऊ?” मी गिऱ्हाइकांना वाट द्यायला बाजूला झालो आणि रिकामी पिशवी घेऊन फळवाल्यांच्या गल्लीने परत आलो.